प्रोग्राम यंत्रच लिहील, मग आपण का शिकायचं?

२०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. साध्या भाषेत सांगा, ते प्रोग्रामही लिहून देतं. मग कोडिंग कशाला शिकायचं?

वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरचा कापूस घ्या. समजा, कापूस ७३५ किलो, भाव क्विंटलला ७,००० रुपये. यंत्राने लिहिलेल्या प्रोग्रामने उत्तर दिलं, ५१,४५,००० रुपये! शेतकऱ्याची चंगळच की! झालं काय, तर वजन किलोत आहे हे सांगायचं राहिलं. यंत्राने ७३५ क्विंटल धरले. खरे होतात ५१,४५०.

एवढी मोठी चूक कुणीही पकडेल. दोनशे रुपयांची कशी पकडणार? त्यासाठी प्रोग्रामची ओळन् ओळ वाचता यायला हवी. संगणक नसला तरी वही आहेच. हाच हिशेब पायरीपायरीने लिहून बघा. हमाली वजा करायची, ती कितव्या पायरीवर?