बँकांना हमी, संसदेची संमती : आयर्लंडच्या अनुभवाचा अर्थ

बँक बुडण्याची वेळ येते तेव्हा तिला सावरण्यासाठी लागणारा पैसा बहुधा सरकारी तिजोरीतून, म्हणजेच करदात्यांकडून येतो. लोकशाहीत या तिजोरीवरील अंतिम नियंत्रण संसदेचे असते. मात्र बँकांवरील अरिष्ट तासातासाने वाढते, तर विधेयकावरील साधकबाधक चर्चेला दिवस किंवा आठवडे लागतात. या दोन गतींमधील अंतर कसे सांधावे, हा सार्वजनिक वित्तव्यवहारातील कळीचा प्रश्न आहे. त्याच्या अभ्यासासाठी २००८ ते २०१३ या काळातील आयर्लंडचे उदाहरण उपयुक्त ठरते.

अरिष्टाची पार्श्वभूमी

१९९० च्या दशकात निर्यात आणि परकीय गुंतवणूक यांच्या बळावर आयर्लंडने वेगाने प्रगती केली. १९९९ मध्ये युरो स्वीकारल्यानंतर व्याजदर ठरविण्याचा अधिकार युरोपीय मध्यवर्ती बँकेकडे गेला आणि कर्जे स्वस्त झाली. आयरिश बँकांनी परदेशी वित्तबाजारातून अल्प मुदतीचा पैसा उचलून तो घरबांधणी आणि जमीनखरेदीसाठी दीर्घ मुदतीने कर्जाऊ दिला. अँग्लो आयरिश बँक यात आघाडीवर होती. मालमत्तांच्या व्यवहारांतून सरकारलाही भरघोस कर मिळत असल्याने राजकोषीय स्थिती भक्कम भासत होती. २००७ मध्ये सार्वजनिक कर्ज स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे २५ टक्केच होते.

२००७ पासून घरांच्या किमती घसरू लागल्या. १५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स कोसळल्यावर जागतिक वित्तबाजारातील पतपुरवठा आटला आणि आयरिश बँकांना रोजच्या व्यवहारांसाठीही पैसा मिळेनासा झाला.

रोखतेची टंचाई की नादारी?

येथे विद्यार्थ्यांनी दोन संकल्पनांमधील फरक लक्षात घ्यावा. बँकेची येणी देण्यांपेक्षा अधिक आहेत, परंतु हाताशी तूर्त रोकड नाही, या स्थितीला रोखतेची टंचाई म्हणतात. मध्यवर्ती बँकेचे तात्पुरते कर्ज किंवा सरकारची हमी यांनी ती दूर होऊ शकते. याउलट दिलेली कर्जेच बुडीत झाल्याने येणी देण्यांपेक्षा कमी पडत असतील, तर ती नादारी होय. नादार बँकेला हमी दिल्याने तिचा तोटा नाहीसा होत नाही. तो बँकेच्या ताळेबंदातून सरकारच्या ताळेबंदात येतो.

आयर्लंडमध्ये निर्णय झाला तो अडचण प्रामुख्याने रोखतेची आहे, या गृहीतकावर. २९ सप्टेंबर २००८ च्या रात्री झालेल्या बैठकांनंतर सरकारने सहा देशी वित्तसंस्थांच्या ठेवी आणि बहुतांश कर्जरोख्यांना दोन वर्षांची हमी देण्याचे ठरविले. हमीची व्याप्ती सुमारे ४४० अब्ज युरो, म्हणजे देशाच्या वार्षिक उत्पादनाच्या दुपटीहून अधिक होती.

संसदेतील दोन मतदाने

हमीचे विधेयक संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे डॉइलमध्ये, लगेचच मांडण्यात आले. चर्चा रात्रभर चालली आणि १२४ विरुद्ध १८ मतांनी सदस्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. फिना गेल आणि शिन फेन या विरोधी पक्षांनी सरकारला साथ दिली; मजूर पक्षाने विरोधात मतदान केले. हमी नाकारली तर दुसऱ्या दिवशी बँकांची दारे बंद होतील, ही भीती प्रभावी ठरली. बँकांनी दिलेल्या कर्जांची खरी प्रत किती, याची विश्वसनीय आकडेवारी मात्र सभागृहापुढे नव्हती.

जानेवारी २००९ मध्ये अँग्लो आयरिश बँकेचे राष्ट्रीयीकरण करावे लागले. त्यानंतर स्थापन झालेल्या राष्ट्रीय मालमत्ता व्यवस्थापन संस्थेने ७४ अब्ज युरोंची दर्शनी रक्कम असलेली कर्जे सुमारे ३२ अब्ज युरोंना बँकांकडून विकत घेतली. कर्जांचे मूल्य निम्म्याहून अधिक घटले होते, हे यावरून उघड झाले. बँकांना भांडवल पुरविण्याचा एकूण खर्च सुमारे ६४ अब्ज युरोंवर गेला. २०१० मध्ये सरकारची तूट उत्पादनाच्या सुमारे ३२ टक्क्यांवर पोहोचली. तिचा मोठा हिस्सा बँकांना दिलेल्या मदतीचा होता.

सप्टेंबर २०१० मध्ये मूळ हमीची मुदत संपत असताना बँकांना मोठ्या रकमेच्या रोख्यांची परतफेड करावी लागली. परदेशी ठेवीदार पैसे काढून घेऊ लागले आणि बँकांची सारी भिस्त मध्यवर्ती बँकेच्या आपत्कालीन कर्जावर आली. सरकार बाह्य मदतीची शक्यता नाकारत असतानाच १८ नोव्हेंबर रोजी आयरिश मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर पॅट्रिक होनोहन यांनी नभोवाणीवरून मोठ्या कर्जाची अपेक्षा व्यक्त केली. २८ नोव्हेंबर रोजी ८५ अब्ज युरोंची योजना जाहीर झाली. त्यांपैकी ६७.५ अब्ज युरो युरोपीय संघ, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि काही देशांकडून, तर १७.५ अब्ज युरो आयर्लंडच्या स्वतःच्या निवृत्तिवेतन राखीव निधीतून व रोख शिलकेतून यायचे होते.

आयर्लंडच्या राज्यघटनेतील अनुच्छेद २९ नुसार, सार्वजनिक निधीवर भार टाकणारा आंतरराष्ट्रीय करार डॉइलच्या मान्यतेविना राज्यावर बंधनकारक होत नाही. ही तरतूद या योजनेला लागू होते का, याविषयी मतभेद होते. तरीही १५ डिसेंबर २०१० रोजी ठरावावर मतदान झाले आणि तो ८१ विरुद्ध ७५ मतांनी संमत झाला. दोन वर्षांपूर्वीचे व्यापक मतैक्य आता उरले नव्हते. बँकांच्या रोखेधारकांनी तोट्याचा वाटा का उचलू नये, हा विरोधकांचा मुख्य प्रश्न होता. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षांनी १९ नोव्हेंबर २०१० रोजी आयर्लंडच्या अर्थमंत्र्यांना पाठविलेल्या पत्रात आपत्कालीन कर्ज पुढे चालू ठेवण्यासाठी अटी घातल्या होत्या. त्या बँकेने हे पत्र प्रसिद्ध केले ते नोव्हेंबर २०१४ मध्ये. निर्णयावरील एवढ्या मोठ्या दडपणाचा पुरावा मतदानाच्या वेळी सभागृहापुढे नव्हता, ही बाब गंभीर मानावी लागेल.

परिणाम

फेब्रुवारी २०११ च्या निवडणुकीत सत्ताधारी फिअना फॉल पक्ष १६६ पैकी अवघ्या २० जागांवर आला. नव्या सरकारलाही योजनेच्या चौकटीतच काम करावे लागले. करवाढ, वेतनकपात आणि खर्चकपात चालू राहिली. बेरोजगारी सुमारे १५ टक्क्यांपर्यंत गेली आणि अनेक तरुणांनी देश सोडला. सार्वजनिक कर्ज उत्पादनाच्या सुमारे १२० टक्के झाले. दुसरीकडे, निर्यातक्षम उद्योगांच्या जोरावर अर्थव्यवस्था सावरली आणि १५ डिसेंबर २०१३ रोजी मदत योजनेतून बाहेर पडणारा आयर्लंड हा युरो क्षेत्रातील पहिला देश ठरला. म्हणजेच हा अनुभव केवळ अपयशाचा नाही. मात्र तोट्याचा भार कोणी उचलला, हा प्रश्न नंतरच्या प्रगतीने निकाली निघत नाही.

भारतीय संदर्भ

आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २९२ नुसार केंद्र सरकारच्या कर्जउभारणीवर आणि हमींवर संसद कायद्याने मर्यादा घालू शकते. राजकोषीय उत्तरदायित्व व अर्थसंकल्पीय व्यवस्थापन कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनुसार, एका वित्तीय वर्षात संचित निधीच्या तारणावर द्यावयाच्या अतिरिक्त हमी स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा अधिक असू नयेत. हमी देताना प्रत्यक्ष खर्च होत नसल्याने ती अर्थसंकल्पीय तुटीत दिसत नाही. परंतु ते आकस्मिक दायित्व असते. आयर्लंडच्या उदाहरणावरून या मर्यादेचे महत्त्व कळते.

तोटा कोणी सोसावा, हा वाद भारतातही झाला आहे. २०१७ मध्ये लोकसभेत मांडलेल्या वित्तीय निराकरण व ठेव विमा विधेयकात बँकेचा तोटा भरून काढण्यासाठी तिच्या देण्यांमध्ये कपात करण्याची, म्हणजे ‘बेल-इन’ची तरतूद होती. ठेवीदारांमध्ये चिंता पसरल्याने ते २०१८ मध्ये मागे घेण्यात आले. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख रुपये करण्यात आली. २०२१ च्या कायदादुरुस्तीनुसार, रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातलेल्या बँकेतील ठेवीदारांना विम्याची रक्कम सर्वसाधारणपणे ९० दिवसांत मिळण्याची तरतूद झाली. सामान्य ठेवीदाराला आधीच असे संरक्षण असेल, तर संकटाच्या रात्री सर्वच धनकोंना सरसकट हमी देण्याचा दबाव कमी होतो.

समारोप

अरिष्टाच्या वेळी शासनाने त्वरेने पावले उचलणे अपरिहार्य असते. म्हणूनच हमींच्या मर्यादा, तोटा सोसण्याचा क्रम आणि बँकांच्या मालमत्तेच्या मूल्यांकनाचे नियम शांततेच्या काळातच कायद्याने ठरलेले असावेत. घाईने दिलेल्या हमीला मुदत व कमाल रक्कम असावी आणि तिचा आढावा ठरावीक काळाने सभागृहापुढे यावा. आयर्लंडच्या संसदेने बँकिंग अरिष्टाची चौकशी करून जानेवारी २०१६ मध्ये आपला अहवाल दिला. तोवर हमीला सात वर्षे उलटली होती आणि तिची किंमत नागरिकांनी मोजलेली होती.