खाते नंबराच्या सुरुवातीची शून्यं जातात कुठे?

अर्जात खाते नंबर बरोबर भरला, तरी पैसे अडकू शकतात. चूक कधी कधी कॉम्प्युटरच्या आत होते.

डेटाबेसमध्ये माहिती तक्त्यात ठेवतात. प्रत्येक रकान्याचा प्रकार ठरलेला असतो: मजकूर, संख्या किंवा तारीख. एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदल करण्याला 'कास्ट' म्हणतात. ००४५१२ हा मजकूर संख्येत बदलला, की उरतात फक्त ४५१२. हिशेबाला हे चालतं, खाते नंबराला नाही. पुन्हा मजकूर केला तरी गेलेली शून्यं परत येत नाहीत.

तारखेचंही तसंच. ०५/०६/२०२५ म्हणजे आपल्याकडे ५ जून, अमेरिकी पद्धतीने ६ मे.

पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये 'क्रिएट कास्ट' या आज्ञेने नवा बदल ठरवता येतो. तो आपोआप व्हावा की सांगितल्यावरच, हेही तिथेच ठरतं. काहीच नमूद केलं नाही, तर तो सांगितल्यावरच होतो. माहिती गळणारा बदल आपोआप होऊ देऊ नये, हेच शहाणपण.

आपण काय करायचं? अर्जाची पावती मिळाली की पासबुक समोर धरा आणि खाते नंबराचे अंक मोजा. एक जरी कमी भरला, तर तिथंच दुरुस्त करून घ्या.