फॉरमॅट मारण्याआधी

ऑक्टोबर २०१८मध्ये एचपीचे अनेक कॉम्प्युटर नेहमीचं विंडोज अपडेट घेऊन रीस्टार्ट झाले आणि निळ्या पडद्यावरच अडकले. त्यावर ‘डब्ल्यूडीएफ व्हायोलेशन’ एवढाच खुलासा होता. दोष निघाला कीबोर्डच्या एका छोट्या फिल्टर ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजला कीबोर्डशी जोडणाऱ्या प्रोग्रामचा. त्याची ११.०.३.१ ही आवृत्ती विंडोज १०शी जुळत नव्हती. मायक्रोसॉफ्टने तो ड्रायव्हर मागे घेतला, तो काढून टाकणारं अपडेटही पाठवलं. पण जे मशीन सुरूच होत नाही, त्याच्यापर्यंत अपडेट पोचणार कसं? तिथे रिकव्हरीतल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये जाऊन त्या एका फाइलचं नाव बदलावं लागलं. तेवढ्यानेच मशीन उठलं.

एका फाइलपायी सगळं यंत्र का कोसळावं? वर्ड किंवा ब्राउझर बिघडला तर तेवढाच प्रोग्राम बंद होतो, कारण प्रत्येक प्रोग्रामची मेमरी वेगळी राखलेली असते. ड्रायव्हर मात्र बहुधा कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालतो आणि तिथे अशा भिंती नसतात. त्याने भलत्याच जागी काही लिहिलं, तर पुढे डेटा खराब होऊ नये म्हणून विंडोज स्वतःच काम थांबवतं. तोच निळा पडदा. विंडोज एक्सपीच्या नोंदवलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होते, असं वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ साली नमूद केलं होतं.

ड्रायव्हर फक्त प्रिंटर किंवा ग्राफिक्स कार्डाबरोबर येतो असंही नाही. अँटिव्हायरस, व्हीपीएन, बॅकअपची सॉफ्टवेअर आपापले ड्रायव्हर गुपचूप बसवतात. एकाच मशीनवर दोन अँटिव्हायरस असले, की प्रत्येक फाइल उघडताना दोघेही मध्ये पडतात. जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटीवरची दुरुस्ती आली, तेव्हा काही अँटिव्हायरस कर्नलची मेमरी अनधिकृत रीतीने हाताळत असल्याचं उघड झालं. त्यातून मशीन कोसळू नयेत म्हणून, अँटिव्हायरस सुसंगत असल्याची खूण विंडोजच्या रजिस्ट्रीत नसलेल्या मशीनना मायक्रोसॉफ्टने ती दुरुस्ती पाठवलीच नाही.

दुरुस्तीच्या दुकानात मात्र यावर बरेचदा एकच तोडगा निघतो: फॉरमॅट मारू. बॅकअप नसेल तर त्यात फोटो जातात, टॅलीचा हिशेब जातो. आणि नंतर तोच ड्रायव्हर पुन्हा टाकला, तर निळा पडदाही परत येतो.

त्यापेक्षा आधी आठवावं, शेवटी नवं काय टाकलं होतं? पडद्यावरच्या स्टॉप कोडचा आणि खाली .sys शेपटाची फाइल दिसली तर तिचाही मोबाइलवर फोटो घ्यावा. मशीन सेफ मोडमध्ये नीट चालत असेल, तर संशय ड्रायव्हरवरच जातो. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी गरजेपुरतेच ड्रायव्हर उचलतं. मग नवं सॉफ्टवेअर काढून टाकावं, किंवा डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करून जुन्या आवृत्तीवर यावं. एक सावधगिरी हवी. पडद्यावर नाव आलेली फाइल दर वेळी गुन्हेगार नसते. एका ड्रायव्हरने बिघडवलेल्या मेमरीत दुसराच अडखळतो आणि नाव त्याचं येतं. विंडोज फोल्डरातल्या मिनीडंपमध्ये त्या क्षणाची नोंद असते. म्हणून फॉरमॅटला होकार देण्याआधी ती मिनीडंप फाइल तंत्रज्ञाला जरूर उघडायला लावावी.

दोषी फाइल कळली तरी तिच्यापर्यंत पोचणं दर वेळी सोपं नसतं. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा ड्रायव्हरला सदोष माहितीची फाइल मिळाली आणि जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोलमडली. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय तसा सोपा होता: सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल पुसणे. पण बिटलॉकर या विंडोजच्या एन्क्रिप्शनने कुलूपबंद केलेल्या डिस्क आधी ४८ अंकी रिकव्हरी की मागत होत्या. आज अनेक नव्या लॅपटॉपवर असं एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत चालू असतं. घरच्या लॅपटॉपची ही की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात, तर ऑफिसच्या लॅपटॉपची आयटी विभागाकडे असते. मशीन चालू आहे तोवरच ती शोधून कागदावर उतरवून ठेवावी.