तळ्यात सूर्य, खाडीत चंद्र

होळी उलटली की गळ टाकणाऱ्यांचे दोन पंथ दिसू लागतात. मुळशी-उजनीच्या काठी बसणारे उन्हाचा अंदाज घेतात, तर रेवदंडा किंवा दाभोळच्या खाडीवर गरवायला जाणारे पंचांग उघडतात. दोघांचंही बरोबर असतं. फाल्गुन ते वैशाख मासा भुकेला असतो खरा, पण गोड्या पाण्यात त्याच्या खाण्याची वेळ सूर्य ठरवतो आणि खाडीत चंद्र.

आधी गोडं पाणी. मासा थंड रक्ताचा प्राणी. पाणी १० अंशांनी तापलं की त्याच्या शरीरातल्या क्रिया साधारण दुपटीने वेगात चालतात. भूक वाढते, तशी प्राणवायूची गरजही वाढते. गोची अशी की पाणी जितकं तापेल तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशांना साडेसात. म्हणून चैत्रातला रोहू किंवा कटला दिवसभर चरत बसत नाही. सोयीची वेळ साधून खातो आणि बाकीचा वेळ जरा खोल, गार पाण्यात काढतो.

ही सोयीची वेळ म्हणजे पहाट, असं सरसकट सांगितलं जातं. स्वच्छ, खोल धरणावर ते खरंही आहे. गावतळ्यावर मात्र हाच सल्ला फसवतो. तिथल्या हिरव्यागार पाण्यातलं शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्रभर स्वतःच तो वापरतं. त्यामुळे सूर्योदयाच्या तोंडावर पाण्यातला प्राणवायू सगळ्यांत कमी असतो. अशा वेळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात. एवढे मासे वर आलेले पाहून माणूस हुरळतो, भराभर कणकेच्या गोळ्या लावतो आणि एकही मासा त्यांना शिवत नाही. ते श्वासासाठी वर आलेले असतात, खाण्याचं त्यांना सुचत नसतं. ऊन चढलं, शेवाळ कामाला लागलं, की तास-दोन तासांनी तरंगी हलू लागते.

मरळीला हा नियम लागू नाही. कल्ल्यांखेरीज थेट हवेतून श्वास घेण्याचा अवयव तिच्याकडे असतो. भर दुपारी पाणवनस्पतींच्या फटीतून ती तोंड वर काढते, हवेचा घोट घेते आणि खाली जाते. मागे चार बुडबुडे उरतात. त्यांच्या हातभर पुढे रबरी बेडूक अलगद टाकावा आणि थांबत थांबत ओढावा. मात्र पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका खदखदताना दिसला तर गळ आवरता घ्यावा. खाली आईबाप पहाऱ्यावर असतात. ते झडप घालतात ती राखणीसाठी, भुकेपोटी नाही. आणि ते गेले की पिल्लांचा फडशा पडायला वेळ लागत नाही.

धरणावर दुपारी वारा सुटला की बहुतेक जण वारा पाठीवर घेऊन बसतात, कारण दोरी लांब जाते. माझं मत उलट आहे. वारा वरचं पाणी आणि त्यातले सूक्ष्मजीव समोरच्या काठाकडे लोटतो, लाटांनी तिथे हवाही मिसळते. बारकी मासळी त्यामागे जाते आणि मोठी तिच्यामागे. म्हणून तोंडावर वारा घेऊन बसावं, दोरी कमी गेली तरी चालेल.

हवेच्या दाबावर मात्र गळवाले उगाच वाद घालतात. दोन दिवसांतला दाबाचा फरक सहसा चार-पाच मिलिबारचा असतो. पाण्यात जेमतेम पाच सेंटिमीटर वरखाली झालं तरी माशाला तेवढाच फरक जाणवतो!

खाडीचं गणित वेगळं. माघ संपेपर्यंत कोकणातल्या नद्यांचं पाणी बारीक होतं आणि खारं पाणी आत आत सरकतं. त्याबरोबर तांबोशी आणि जिताडाही खाडीत वर येतात. ते कधी खातील, हे पाण्याच्या ओढीवर अवलंबून. आपल्याकडचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, त्याचंच हे ढोबळ रूप. जागेनुसार थोडाफार फरक पडतो, पण घरून निघायला एवढं पुरतं.

भरती सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढीचा बारावा भाग, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र चौथाई-चौथाई. उधाणाची चढ ४ मीटर धरली तर पहिल्या तासाला फूटभर आणि मधल्या दोन तासांत २ मीटर पाणी वाढतं. त्या ओढीत वजन तळाला ठरत नाही, पाणीही गढूळ होतं. म्हणून ऐन अमावास्या-पौर्णिमेपेक्षा भांगाच्या, म्हणजे सर्वांत लहान भरतीच्या, अलीकडपलीकडचे दिवस गळाला बरे. भरतीचे पहिले दोन तास खारफुटीच्या कडेने जिवंत कोळंबी सोडावी. ओहोटी लागली की जागा बदलून एखाद्या लहान ओहोळाच्या मुखाशी जावं. पाण्याबरोबर कोळंबी आणि बोयटं तिथूनच बाहेर पडतात. जिताडा भर प्रवाहात उभा राहत नाही. खडकाच्या किंवा जेट्टीच्या खांबाच्या आडोशाला, जिथे पाणी मंद असतं तिथे दबा धरतो. आमिष त्या आडोशाच्या कडेने वाहत जायला हवं. उघड्या किनाऱ्यावर भरतीच्या हिशोबाला वाऱ्याची जोड द्यावी लागते: सकाळी जमिनीवरून मतलई असते तोवर खडकांलगतचं पाणी निवळ, दुपारी खारा वारा सुटला की सगळा गाळ वर.

पेण-अलिबागच्या खारेपाटात जिताड्याचा मान मोठा. हा मासा आयुष्य सुरू करतो नर म्हणून आणि काही वर्षांनी मादी होतो. अंडी घालण्यासाठी तो खाडीच्या मुखाकडे जातो. तिथेही वेळ अमावास्या-पौर्णिमेची, म्हणजे भरतीबरोबर अंडी आत वाहून येतात. मीटरभर लांबीचा जिताडा गळाला लागला तर तो बहुधा मादीच असतो, पुढच्या मोसमातली लाखो अंडी पोटात बाळगू शकणारी. तो फोटो काढून परत सोडावा, आणि लवकर, कारण कोमट पाण्यात दमलेला मासा सावरायला वेळ घेतो. घरी न्यायला दोन-अडीच किलोचा पुरे. कालवणालाही तोच चांगला.