आरोग्य सल्ला : दंडावरची चकती सुटू नये म्हणून

आमच्या मुरुडसारख्या किनाऱ्यावरच्या गावात घाम, दमट हवा आणि अंगाला खोबरेल या गोष्टी रोजच्याच. दंडावर साखर मोजणारी चकती लावणाऱ्या मधुमेहींना मात्र त्या अडचणीच्या ठरतात. चकती गोंदाने चिकटते. तिच्याखालचा बारीक तंतू कातडीखालच्या द्रवातील साखर मोजतो. कड उचलली, तंतू सरकला, की आकडा चुकू शकतो. अशा चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतले तर ते जिवावर बेतू शकते.

म्हणून मी रुग्णांना सांगतो, चकती लावण्यापूर्वी दंडाला तेल, पावडर, मलम लावू नये. साध्या साबणाने धुवावे, स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे आणि पंख्याखाली बसून जागा पूर्ण वाळू द्यावी. दंडाच्या मागे, ब्लाउजची वा बनियनची शिवण घासणार नाही अशी जागा निवडावी.

अंघोळीनंतर पंचाने रगडू नये, हलकेच टिपावे. त्या कुशीवर झोपू नये. दाबामुळे साखर खोटीच कमी दिसते.

कड सुटू लागल्यास भोवती वैद्यकीय चिकटपट्टी लावावी, पण चकतीवरचे छिद्र झाकू नये. निघालेली चकती पुन्हा टोचू नये, नवी लावावी. १४ दिवसांच्या चकतीची मुदत संपल्यावर दंड बदलावा. खाज किंवा पुरळ आल्यास डॉक्टरांना दाखवावे.

आणि आकडा व तब्येत यांचा मेळ बसत नसेल, तर औषधाला हात लावण्यापूर्वी बोटाच्या रक्ताने साखर तपासावीच.