टाळ्यांचे अर्थशास्त्र

२०१७ च्या जुलैमध्ये बंगळूर येथे भारताच्या महिला बास्केटबॉल संघाने आशिया चषकाच्या ‘ब’ विभागाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असे नमविले व ‘अ’ विभागात स्थान मिळविले. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. वर्गात याविषयी विचारले, तेव्हा एकही हात वर झाला नाही. मात्र त्याच वर्षी डिसेंबरात इटलीत झालेल्या विराट कोहली व अनुष्का शर्मा यांच्या विवाहाचा तपशील बहुतेकांना मुखोद्गत होता!

दोष विद्यार्थ्यांचा नव्हे. माणसाचे लक्ष ही मर्यादित वस्तू आहे. ते जिकडे वळते तिकडे पैसा वळतो, आणि पैशामागून मैदाने, प्रशिक्षक व नोकऱ्या येतात. म्हणजे आपले कुतूहल हीदेखील एक गुंतवणूकच होय.

आमच्या पाली गावात भल्या पहाटे बोंबील वाळत घालणाऱ्या आईला हात लावून मुली शाळेला धावतात. हे दृश्य कोणत्याही वृत्तपत्रात छापून येत नाही. त्यांच्यापैकी एखादीने उद्या चेंडू हाती घ्यावयाचे ठरविले, तर तिला मैदान मिळेल काय? नटनट्यांच्या बातम्या खुशाल वाचाव्यात. परंतु टाळ्यांचा थोडा वाटा या मुलींसाठीही राखून ठेवावा.