वाइनची चाखणी : द्राक्ष बागायतदाराने काय ओळखावे

माघ महिना लागला म्हणजे नाशिक, दिंडोरी व निफाड या भागांत वाइनच्या द्राक्षांची तोडणी ऐन भरात असते. त्याच सुमारास मुंबई-पुण्याकडील पुष्कळ मंडळी गंगापूर धरणाच्या परिसरात येतात, द्राक्षमळ्यातून फेरफटका मारतात, चारपाच प्रकारच्या वाइनची चव घेतात, सावकाश जेवतात आणि एखादा मुक्काम करून परत जातात. नाशिकजवळील सुला या वायनरीने २००५ साली पाहुण्यांसाठी चाखणीघर उघडले. त्यानंतर या भागातील इतर वायनऱ्यांनीही अशी सोय केली. या पाहुण्यांना पेल्यात जे काही आढळते त्याचा मोठा भाग बागेतच ठरून गेलेला असतो. परंतु ज्याने ती द्राक्षे पिकविली त्याने स्वतः त्या वाइनची चव पुष्कळदा कधी घेतलेली नसते. टनाचा भाव आणि साखरेचा अंश, एवढ्यावरच त्याचा व्यवहार संपतो.

हे अज्ञान महागात पडू शकते. खाण्याच्या द्राक्षाचा, उदाहरणार्थ थॉमसन सीडलेसचा, मणी मोठा, पातळ सालीचा व बिनबियांचा असतो. तो एका व्यापाऱ्याने नाकारला तर दुसरा घेतो. अगदीच नाही तर बेदाणा होतो. वाइनसाठी लावण्यात येणाऱ्या सोव्हिन्यों ब्लाँ, शेनिन ब्लाँ, शिराझ, कॅबरने सोव्हिन्यों या जातींचा मणी बारीक, आत बी व साल जाड. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. २००१ साली राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यावर अनेकांनी उत्साहाने या जाती लावल्या. पुढे २००८-०९ च्या मंदीत वायनऱ्यांकडे साठे तुंबले, खरेदी थांबली, पैसे अडकले आणि कित्येकांना उभ्या बागा उपटून टाकाव्या लागल्या. ज्या मालाला एकच प्रकारचा खरेदीदार आहे, त्या मालात खरेदीदार काय शोधतो हे बागायतदारास ठाऊक असलेच पाहिजे.

चाखणीची रीत सोपी आहे. ती जेवणापूर्वी, शक्यतो सकाळी करावी. तंबाखू, पान, मिश्री व अत्तर त्या दिवशी वर्ज्य. आधी पांढरी वाइन व मग तांबडी, आधी हलकी व मग भारी, आणि गोड असेल ती सर्वांत शेवटी, असा क्रम असतो. पेला एकतृतीयांशाहून अधिक भरीत नाहीत, कारण वास साठण्यास वरची जागा मोकळी हवी. प्रत्येक घोट गिळलाच पाहिजे असे मुळीच नाही. जाणकार लोक तोंडात घोळवून शेजारच्या भांड्यात थुंकून टाकतात. ज्यांना व्रतामुळे वा माळ घातल्यामुळे ओठाला लावणेही चालत नाही, त्यांनी केवळ वास घेतला तरी निम्म्याहून अधिक गोष्टी कळतात.

प्रथम पेला पांढऱ्या कापडावर तिरपा धरून रंग पाहावा. तांबड्या वाइनचा रंग गरात नसून सालीत असतो, म्हणूनच ती सालीसकट आंबवितात. पांढऱ्या वाइनसाठी मात्र रस आधी पिळून काढतात. मणी पाण्याने फुगविला की रसाच्या मानाने साल कमी पडते आणि रंग फिका उतरतो. वेलीवर घड अधिक ठेवून उतारा वाढविला तरी परिणाम बहुधा तोच होतो.

नंतर पेला हलकेच फिरवून वास घ्यावा. सोव्हिन्यों ब्लाँमध्ये पुष्कळदा हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो. तो थोडा असल्यास आवडतो, पण फार असल्यास घड पानांच्या दाट सावलीत राहिला किंवा तोडणी लवकर झाली असे समजावे. घडाभोवतीची काही पाने वेळीच काढून सकाळचे ऊन पोहोचविल्यास हा वास कमी होतो. कुजलेल्या अंड्यासारखा वास आला तर त्याची कारणे अनेक असतात. त्यांपैकी एक म्हणजे तोडणीच्या तोंडावर मारलेली गंधकाची फवारणी होय. गंधकाचा अंश रसात उतरला की आंबताना त्यापासून ही दुर्गंधी निर्माण होते.

घोट घेतल्यावर तोंडाला पाणी सुटले तर आम्लता चांगली टिकली आहे. थंड रात्रींमुळे मण्यातील आम्ल शिल्लक राहते, उष्णतेने ते झपाट्याने घटते. तोडणी पहाटे करण्याचे एक कारण हेच. कच्च्या सुपारीसारखी जीभ आवळून आली तर तो सालीतील व बियांतील तुरटपणा. शिराझमध्ये तो हवाच, परंतु कडवट व खरखरीत नको. येथे बागायतदाराच्या दाताला काम आहे. बी चावून पाहावी. ती हिरवी व मऊ असेल तर थांबावे, तपकिरी होऊन कुरकुरीत फुटली तर पक्वता आली. ब्रिक्स मीटर हे सांगत नाही. मीटर २२ ते २४ अंश दाखवील, आणि लिटरभर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखरेमागे एक टक्का या हिशेबाने वाइनमध्ये मद्यार्क किती येईल हेही त्यावरून काढता येईल, पण चव मीटरमध्ये दिसत नाही.

जेवणाचा प्रश्न आपल्याकडे थोडा निराळा आहे. तुरट व जास्त मद्यार्काची तांबडी वाइन तिखटाबरोबर घेतली तर तिखट आणखी जळजळते; झणझणीत मिसळीपुढे तिचा निभाव लागत नाही. किंचित गोडसर व थंड शेनिन ब्लाँ तेथे बरी. शिराझबरोबर तिखट बेताचे असलेले मटण, भाजलेली वांगी किंवा शेंगदाण्याच्या कुटाची भाजी शोभते. दोन वाइनच्या मध्ये ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा व पाणी घ्यावे. त्यासाठी परदेशी बिस्किटांचे काही अडलेले नाही.

असा पाहुणा घाईत नसतो, आणि त्याच्या सवडीवरच बागायतदाराचे दुसरे उत्पन्न उभे राहू शकते. २०२० साली राज्याचे कृषी पर्यटन धोरण मंजूर झाले असून शेतावर निवास व भोजनाची सोय करणाऱ्यांना नोंदणी करता येते. मात्र राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय वाइन देता वा विकता येत नाही. तेव्हा चाखणी परवानाधारक वायनरीत, आणि बाग, जेवण व मुक्काम आपल्याकडे, अशी वाटणी सोयीची होते. चाखणी करून आलेल्याने गाडी चालवू नये, यासाठी ने-आण करण्याची व्यवस्था आधीच ठरवून घ्यावी.

एक खबरदारी विशेष. मांडवाखाली शिरलेला पाहुणा हटकून मणी तोडून तोंडात टाकतो. फवारणी व तोडणी यांमध्ये ठेवावयाचे दिवस पुरे झाले नसतील तर त्या ओळींच्या तोंडाशी ठळक अक्षरांत पाटी लावावी आणि पाहुण्यांना दुसऱ्या बाजूने न्यावे.